काळा किडा म्हणजे नेमका कोणता?

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या काळ्या रानात ढेकळांखालून, धसकटांच्या बुडातून काळे-मातकट भुंगेरे वर येतात. रात्री आखाड्यावरच्या दिव्याखाली त्यांचा सडा पडतो. यांतले बरेचसे टेनेब्रिओनिडी या कुलातले. इंग्रजीत त्यांना डार्कलिंग बीटल म्हणतात. या एका कुलाच्या तीस हजारांहून अधिक जाती जगात नोंदल्या गेल्या आहेत. 2021 मध्ये पॅट्रिस बुशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुलातल्या प्रजातींची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांची, सगळी नावं तपासली, तेव्हा 2307 प्रजाती ग्राह्य ठरल्या. पृथ्वीवरच्या सस्तन प्राण्यांच्या सगळ्या जाती एकत्र केल्या तरी या कुलाच्या पाव हिश्श्याइतक्या भरत नाहीत.

माझे मामा पाथरीत कापूस-सोयाबीन करतात आणि मोंढ्यात त्यांची आडत आहे. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि हे भुंगेरे जमवते. किड्यांना इतकी नावं द्यावीत का, त्यांची इतकी घराणी लावावीत का, यावरून आमचा जुना वाद आहे. मामांचा आक्षेप मला कधीच हलका वाटला नाही. म्हणून तो त्यांच्याच शब्दांत देते.

मामा : मला एक सांग. शेतकऱ्याच्या हिशेबी किडे दोनच जातीचे. एक पिकाला खाणारा आणि एक न खाणारा. कपाशी दोन पानांवर असताना रोप बुडातून कुरतडून पडलं, तर त्या किड्याचं कूळ कोणतं हे आम्ही विचारत बसत नाही. औषध कोणतं, एवढंच विचारतो. तुझी तीस हजार नावं कोणाच्या कामाची?

मी : औषध विचारता तेव्हा दुकानदाराला काय सांगता?

मामा : काळा किडा लागलाय म्हणून सांगतो. आणखी काय सांगायचं?

मी : मागच्या पेरणीला तुम्ही मला डबीत भरून जे दिलेत, तेही काळे किडे म्हणूनच दिलेत. त्यात दोन वेगळी कुळं निघाली. हा बघा, लांब पायांचा, चकचकीत. हातात घेतला की निसटून पळतो. हा कॅराबिडी कुलातला, शिकारी. रात्रीचा जमिनीवर फिरून अळ्या खातो. त्याच्या काही भाऊबंद जाती गोगलगायीही खातात. आणि हा दुसरा बुटका, मंद, अंगाला माती लागलेला. हा गोनोसेफॅलम, आपल्या कुलातला. भिंग घ्या आणि त्याच्या पायांच्या टोकाची बारीक पेरं मोजा.

मामा : थांब, हलवू नको. पुढच्या पायाला पाच. मधल्यालाही पाच. मागच्याला... चारच दिसायलेत. तुटलंय का एखादं?

मी : तुटलेलं नाही. दोन्हीकडचा मागचा पाय बघा, चारच आहेत. पाच-पाच-चार ही या कुलाची पहिली खूण. शिकारी भुंगेऱ्याला तिन्ही पायांना पाच-पाच पेरं असतात. पण बाजरीवरच्या हिंग्यांचे पायही पाच-पाच-चारच असतात, त्यामुळे एवढ्यावर थांबता येत नाही. आता तोंड बघा. मिशा आखूड, मणी ओवल्यासारख्या. त्या जिथून निघतात ती जागा दिसते का?

मामा : नाही. कपाळाची कड पुढं आलीय, तिच्या खालून निघाल्यासारख्या दिसायल्यात.

मी : ती कड तशीच मागे जाऊन डोळ्यात शिरते, म्हणून डोळ्याला खाच पडलेली दिसते. शिवाय पोटाच्या खालच्या पाच पट्ट्यांपैकी पहिल्या तीन एकमेकींना जखडलेल्या असतात. या सगळ्या खुणा जुळल्या की हा टेनेब्रिओनिड असं खात्रीनं म्हणता येतं. आता सांगा, दोघांवर एकच फवारा मारला तर काय होईल?

मामा : दोघंही मरतील.

मी : आणि 2022 साली लातूर, बीड, धाराशिवकडं गोगलगायींनी सोयाबीनची उगवलेली रोपं कशी फस्त केली, ते तुम्ही ऐकलंच आहे. आपल्या रानातले शिकारी आपणच मारून बसलो, तर तसलं संकट आल्यावर मदतीला कोण येणार?

मामा : बरं, दोन कुळं वेगळी ओळखावीत, हे मी मानतो. कृषी सहायकानं बांधावर येऊन तेवढं दाखवलं तरी पुष्कळ झालं. पण तुम्ही तिथं थांबत कामून नाही? एकट्या गोनोसेफॅलमच्याच शेकडो जाती केल्यात म्हणायलीस. कुळावर थांबा ना. पुढच्या जाती तुमच्या कपाटातल्या पेट्या भरायला आहेत. रानात त्यांचा काय उपयोग?

मामांचा खरा मुद्दा हा होता. माझ्या ओळखीतले शिकलेले लोकही हेच विचारतात. या प्रश्नाचं उत्तर रानापेक्षा मोंढ्यात जास्त स्पष्ट मिळतं, म्हणून मी विषय त्यांच्या गोदामाकडे वळवला.

मी : तुमच्या थप्पीला पावसाळ्यात तो तांबूस, बारका किडा लागतो ना, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा?

मामा : लागतो तर. लई झाला की पिठाला उग्र वास येतो, रंगही लालसर पडतो.

मी : तोही याच कुलातला. ट्रिबोलियम. वास आणि रंग त्याच्या पोटातल्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या क्विनोन नावाच्या रसायनांचा. या ट्रिबोलियमच्या जगभर गोदामांत सापडणाऱ्या दोन जाती आहेत, कॅस्टेनियम आणि कन्फ्यूजम. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच. भिंगाखाली कॅस्टेनियमच्या मिशीची शेवटची तीन पेरं एकदम जाड झालेली दिसतात. कन्फ्यूजमची मिशी हळूहळू जाड होत जाते. शिकागो विद्यापीठात थॉमस पार्क यांनी 1940 च्या दशकापासून या दोन जाती पिठाच्या एकाच भांड्यात एकत्र वाढवल्या. गरम, दमट हवेत बहुतेक वेळा कॅस्टेनियम उरायची आणि थंड, कोरड्या हवेत कन्फ्यूजम. दोघी एकत्र कायमच्या नांदल्या नाहीत.

मामा : मग आपल्या हवेला कॅस्टेनियम आली.

मी : हो. आणि कॅस्टेनियम उडते, कन्फ्यूजम उडत नाही. आता तुम्हीच सांगा, याचा गोदामवाल्याला उपयोग आहे की नाही?

मामा : (जरा थांबून) उडत असेल, तर मी एकट्यानं गोदाम झाडून, धुरी देऊन भागायचं नाही. शेजारच्यानंही त्याच आठवड्यात करायला पाहिजे. नाहीतर त्याच्याकडचे माझ्याकडं येणार.

मी : हे उत्तर जातीवरून मिळालं, कुळावरून मिळालं नसतं. दुसरी गोष्ट, हा किडा अख्खा, सुका दाणा फोडत नाही. त्याला तुकडा, भरड, चुरा, पीठ लागतं. सोंडकिडा मात्र अख्ख्या दाण्यात भोक पाडून आत अंडी घालतो. दोघांचा बंदोबस्त वेगळा.

मामा : हे तू सांगायची गरज नाही. हरभऱ्याच्या चुरीत आणि फुटक्या डाळीतच तो जास्त असतो, हे मी लहानपणापासून बघतोय. म्हणून तर मी माल चाळून मगच थप्पी लावतो.

मी : मग गोळ्यांचंही ऐका. गोदामात आपण फॉस्फिनच्या धुरीवर अवलंबून असतो. अन्न व कृषी संघटनेनं 1972-73 मध्ये जगभर पाहणी केली, तेव्हाच फॉस्फिनला न जुमानणारे ट्रिबोलियम सापडले होते. अर्धवट धुरी दिली की जे तगतात त्यांचीच पैदास वाढते. अशा वेळी माल चाळून लावण्याची तुमची सवय गोळ्यांइतकीच मोलाची ठरते.

इथून मामा खुलले. त्यांनी आपलं स्वतःचं वर्गीकरण सांगायला सुरुवात केली आणि मी वही काढली. धसकटाखालचे मातकट वेगळे. पाऊस पडल्यावर दिव्यावर येऊन पडणारे काळे वेगळे. लिंबाच्या सुटलेल्या सालीखाली बसणारे लांबट, चकचकीत वेगळे. पोल्ट्रीच्या लिटरमध्ये वळवळणारे वेगळे. उसाच्या पाचटाखाली सापडणारे आणखी वेगळे. कोणता कोणत्या नक्षत्रात दिसतो, तेही ते सांगत होते. मी त्यांच्या प्रत्येक गटापुढं माझ्या अंदाजानं एकेक नाव लिहीत गेले. धसकटापुढं गोनोसेफॅलम. दिव्यापुढं मेसोमॉर्फस, हा आंध्रात तंबाखूच्या कोवळ्या रोपांचा शत्रू म्हणून ओळखला जातो. सालीपुढं स्टेनोकीनी उपकुल. पोल्ट्रीपुढं अल्फिटोबियस डायापेरिनस. पाचटापुढं ल्युप्रॉप्सचा गट. भिंगाखाली घेतल्याशिवाय यातलं एकही नाव पक्कं होत नाही, हेही मामांना सांगितलं. पण एका बैठकीत, एका माणसाच्या स्मरणातून, एका कुलाची किमान चार उपकुलं डोळ्यांपुढं आली.

मामा : बघ, म्हणजे माझी विभागणीच बरी की! कुठं राहतो, कधी येतो, काय खातो. शेतकऱ्याला हेच लागतं. पाय मोजून काय करू?

मी : तुमची विभागणी मला हवीच आहे. पण ती एकटी पुरत नाही. जागा बदलली की किड्याचं वागणं बदलतं. हा गोनोसेफॅलमच घ्या. वर्षातले बरेच महिने तो कुजका पाला आणि सडकी मुळं खाऊन जगतो, म्हणजे खत करण्याच्या कामाला हातभार लावतो. पेरणीनंतर पावसानं ओढ दिली, कोंब रेंगाळले आणि जमिनीवर दुसरं खायला उरलं नाही, की तोच रोपांवर येतो. मग सांगा, हा खाणारा की न खाणारा?

मामा : ओढ दिली की जास्त लागतो, हे खरं आहे.

मी : पोल्ट्रीतला अल्फिटोबियस आपल्याकडं कोंबड्यांच्या रोगांचे जंतू पसरवतो म्हणून बदनाम. युरोपीय संघानं 2023 मध्ये त्याच्याच अळ्या माणसांच्या खाण्यासाठी मंजूर केल्या. त्याआधी 2021 मध्ये याच कुलातल्या टेनेब्रिओ मोलिटरच्या सुकवलेल्या अळ्यांना परवानगी दिली होती. केरळात ल्युप्रॉप्स ट्रिस्टिस नावाची जात रबराच्या मळ्यात गळलेला पाला खाते. झाडाला काही करत नाही. पण वळवाचा पाऊस आला की लाखोंच्या संख्येनं घरांत शिरते आणि लोकांना राहणं मुश्कील करते. तिथं तिला मुपली भुंगेरा म्हणतात. पिकाच्या हिशेबी ती न खाणारी. घरातल्या माणसाला विचारा.

मामा : मग तुझ्या विभागणीत हे सुटतं का?

मी : सगळं सुटत नाही. पण नातं कळलं की न पाहिलेल्या गोष्टींचा अंदाज बांधता येतो. एखाद्या जातीची अळी जमिनीत राहून उगवतं बी खाते हे माहीत असेल, तर तिच्या जवळच्या नात्यातल्या जातीकडं आपण त्याच संशयानं बघतो. नातं चुकीचं लावलं तर अंदाजही चुकतो.

मामा : आणि तुम्ही ते चुकवताच. आज एक लिहिता, उद्या खोडता. आमच्या सातबाऱ्यावर असं कोणी केलं असतं तर कोर्टात गेलो असतो.

मी : बदललं हे खरं. गोनोसेफॅलमचंच सांगते. वर्षानुवर्षं तो टेनेब्रिओनिनी उपकुलात धरला जायचा. 2021 मध्ये कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी डीएनएचा पुरावा तपासून त्याचा सगळा गट तिथून हलवला आणि ब्लाप्टिनी हे उपकुल पुन्हा उभं केलं. आज या कुलात अकरा उपकुलं धरतात. एके काळी लॅग्रिया आणि अलेक्युला यांची स्वतंत्र कुलं होती. तीही आता याच कुलात, उपकुलं म्हणून आली आहेत. अलेक्युलाच्या गटाची नखं भिंगाखाली बघितली तर फणीसारखी दातेरी दिसतात. तेवढ्यावरून जुन्या लोकांनी त्याला वेगळं काढलं होतं.

मामा : मग जुने लोक चुकले?

मी : हे कूळच फसवं आहे. कोरड्या मुलखात राहायचं तर अंगातलं पाणी राखावं लागतं. काळं, जाड कवच आणि पाठीवर एकमेकांना जुळून गेलेले वरचे पंख हा त्यावरचा उपाय. पंखांखाली बंद पोकळी राहते, तिथून वाफ सहज निसटत नाही. नामिबच्या वाळवंटातली ओनिमॅक्रिसची एक जात तर धुक्यात वाळूच्या टेकडीवर डोकं खाली करून उभी राहते आणि अंगावर साचलेलं पाणी तोंडाशी आणून पिते. कोरड्या रानात राहणाऱ्या वेगवेगळ्या घराण्यांनी हे असलं रूप स्वतंत्रपणे कमावलं. वरून सगळे सारखे दिसले, म्हणून एकत्र टाकले गेले. मग लोक आत बघू लागले. न्यूझीलंडच्या वॉट यांनी 1974 मध्ये उपकुलांची नव्यानं मांडणी केली. पुढं डॉयन आणि त्शिंकल यांनी पोटातल्या बचावाच्या ग्रंथी तपासल्या. पिमेलिनी उपकुलाला या ग्रंथीच नाहीत. ट्रिबोलियमच्या पिठाला येणारा वास त्यांच्याकडून कधीच येणार नाही. पुरावा वाढला तशी मांडणी सुधारली. ती सुधारणं मला या विद्येचा प्रामाणिकपणा वाटतो.

मामा : प्रामाणिकपणा असेल. पण मला दुसरं सांग. हे जे कोणी मांडतात, त्यांच्यासमोर पाथरीचा किडा आहे का?

या प्रश्नाला माझ्याकडं बचाव नव्हता. जे आहे तेच सांगितलं. ब्रिटिश काळात वनखात्यातले अँड्र्यूज यांनी भारतात जे भुंगेरे जमवले, त्यातल्या या गटाचं वर्णन फेअरमेअर यांनी 1896 मध्ये बेल्जियमच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात, फ्रेंचमध्ये केलं. जगाची यादी गेबीन यांनी जर्मनीत केली. विसाव्या शतकातले या कुलाचे मोठे जाणकार झोल्टन कासाब बुडापेस्टच्या संग्रहालयात बसून काम करत होते. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत शिंगाड्या भुंगेऱ्यांना, सोंड्यांना, शेणकिड्यांना खंड मिळाले. या कुलाला मिळाला नाही. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था 1916 मध्ये स्थापन झाली, तिचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. तिथं संशोधकांना नमुने पाहता येतात. पण पाथरी, मानवत, सोनपेठ, सेलूच्या रानातून कोणी नेऊन दिलेच नाहीत, तर ते केंद्र तरी काय करणार?

मामा : म्हणजे किडा आमच्या रानातला, वर्णन फ्रेंचमध्ये आणि नमुना परदेशात. आणि मला म्हणायलीस की जाती ओळखा!

मी : मामा, हा राग माझाही आहे. पण त्यातून मी तुमच्यापेक्षा उलटा अर्थ काढते. नावं जास्त झाली म्हणून आपलं नुकसान झालं नाही. ती आपल्या रानातून निघाली नाहीत म्हणून झालं. या कुलातल्या कितीतरी जातींना उडता येत नाही. ज्या चालतच जातात, त्या लांब पसरत नाहीत. गोदावरीच्या काठची खोल काळी जमीन, उत्तरेला जिंतूरच्या बाजूचं मुरमाड, दक्षिणेला नदीपलीकडं बालाघाटचे माळ, या तिन्हींत एकच जात असेल असं कोणी धरून चालू नये. जायकवाडीच्या डाव्या कालव्यानं पाथरीच्या रानात पाणी आलं, ऊस आला, पाचट आलं. कोरडवाहू रानातले कोणते भुंगेरे त्यामुळं हटले आणि ओलाव्याचे कोणते वाढले, हे सांगायला कालव्याआधीची एखादी पेटी कुठं ठेवलेली असायला हवी होती.

मामा : कालव्याआधीचं माझ्या बापाला माहीत होतं. तो गेला.

मी : म्हणूनच आज तुम्ही सांगाल ते लिहून ठेवायचं आहे. आणि त्या सांगण्याला नमुना जोडायचा आहे. नुसता तुमचा शब्द असेल तर पन्नास वर्षांनी कोणाला कळणार नाही की दिव्यावरचा काळा म्हणजे नेमका कोणता. नुसता नमुना असेल तर तो काय खात होता ते कळणार नाही.

मामा : मग माझी एक अट आहे. मी डबीत किडे भरून देईन, जागा आणि तारीखही लिहीन. पण तुम्ही नाव लावलं की एक चिठ्ठी मराठीत परत यायला पाहिजे. किडा कोणता, खातो काय, कधी येतो, मारायचा की सोडायचा. ती पुढच्या मृगाच्या आत यायला पाहिजे. पेरणी झाल्यावर आलेली चिठ्ठी काय कामाची? तीस हजार नावं मग खुशाल ठेवा.

मामांची ही अट रास्त आहे आणि ती आम्हा शिकवणाऱ्यांनी मान्य करायला हवी. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र विभाग आहे. तालुक्यांच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे वर्ग आहेत, प्रकल्पासाठी विषय शोधणारी मुलं आहेत. त्यांना परदेशी पुस्तकातल्या आकृत्या उतरवून आणायला सांगण्याऐवजी आपापल्या गावच्या आखाड्यावर पाठवावं.

वाचकांपैकी ज्यांचं रान आहे, त्यांना माझी विनंती आहे. येत्या मृगाला काळा किडा दिसला तर फवारणीआधी थोडे किडे झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवा. सोबत कागदावर गाव, तारीख, जमीन कोणती, पीक कोणतं, रोप किती पानांवर होतं आणि किडा काय करताना सापडला, एवढं पेन्सिलीनं लिहा, कारण शाई ओलीनं पसरते. डबी जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या शिक्षकांकडं द्या आणि मराठीतली चिठ्ठी हक्कानं मागा.